तुमचा सराव तुमचा होता, पोरींचा नाही

पत्र थोडक्यात : धुळे जिल्ह्यातल्या एका गावातून २४ वर्षांच्या वाचक भगिनीने लिहिलं आहे. एम.ए.चं शेवटचं वर्ष चालू आहे. कॉलेजकडून १०० आणि २०० मीटर धावल्या. विद्यापीठाच्या संघातून दोनदा अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेल्या आणि दोन्ही वेळा हीटमध्येच (पहिल्या फेरीतच) बाहेर पडल्या. मांडीची मागची शीर दोनदा भरली. वर्षभरापासून त्या गावातल्या शाळेच्या मैदानावर १२ ते १४ वयाच्या मुलींना संध्याकाळी मोफत शिकवतात. कॉलेजात स्वतः करायच्या तोच सराव त्यांनी मुलींना दिला : २०० मीटर सहा वेळा, मध्ये दीड मिनिट विश्रांती. आठपैकी चौघी यायच्या थांबल्या. एकीचा गुडघ्याखालचा भाग दुखतो, एक मध्येच भोवळ येऊन खाली बसते. तालुक्याच्या गावी पोलीस भरतीच्या ॲकॅडमीने महिना १२,००० रुपयांवर बोलावलं आहे. वडील म्हणतात, "पयीसन काय भेटनं तुले?" (पळून तुला काय मिळालं?) त्यांचे प्रश्न असे : काही जिंकलेलं नसताना कोच होण्याचा मला हक्क आहे का? बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) करू, कोच होण्यासाठी पतियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत जाऊ की ॲकॅडमी धरू? स्वतः आणखी एक सीझन धावू का?

---

ताई, प्रश्न तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलेत, पण उत्तराची सुरुवात मधल्या दोन ओळींपासून करायला हवी. चौघी थांबल्या, एकीचा गुडघा दुखतो, एकीला भोवळ येते. एवढं ओघात लिहून तुम्ही लगेच स्वतःच्या न मिळालेल्या पदकांकडे वळलात. कोचची नजर याच्या उलट दिशेने जायला हवी. तुम्ही किती जिंकलात हे त्या पोरींना ठाऊकही नसेल. आज आपल्याला काय करायला लावलं आणि उद्या पाय दुखेल का, एवढंच त्यांना कळतं.

पदकांचा विषय आधी संपवू. ग्लेन मिल्स जमैकातल्या किंग्स्टनच्या कॅम्परडाऊन हायस्कूलमध्ये धावायचे. स्प्रिंटर म्हणून आपलं जमत नाही हे शाळेतच कळलं, तेव्हा ते तिथेच पोरांना शिकवू लागले. पुढे २००९ साली बर्लिनला उसेन बोल्ट ९.५८ सेकंदांत धावला, तेव्हा त्याचे कोच हेच मिल्स. क्लाइड हार्ट अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाचे स्प्रिंटर होते. शिक्षण झाल्यावर त्यांनी आधी लिटल रॉकच्या हायस्कूलमध्ये मुलांना शिकवलं, मग बेलरला परतले. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये २०० आणि ४०० मीटरची दोन्ही सुवर्णं जिंकणारा मायकेल जॉन्सन त्यांचाच. आपल्याकडचे ओ. एम. नांबियार हवाई दलाकडून धावले. स्वतः ऑलिम्पिकला पोहोचले नाहीत, पण पतियाळ्यातून कोच होऊन आले आणि त्यांनी पी. टी. उषा घडवली. १९८५ साली द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत ते होते.

यावरून हरलेला धावपटू चांगला कोच होतो असं मात्र कुणी समजू नये. तसं काही नसतं. या तिघांनी शिकवणं हे वेगळं काम म्हणून वर्षानुवर्षं शिकून घेतलं, आणि तुमचा प्रश्न इथे येऊन ठेपतो. तुमच्याकडे धावण्याचा अनुभव आहे. धाव सुरू करायच्या ब्लॉकमध्ये बसल्यावर पोटात काय होतं, शेवटच्या २० मीटरला खांदे कसे वर चढतात, शीर भरते तेव्हा कसं वाटतं, हे तुम्हाला आतून माहीत आहे. तेवढी पुंजी चांगली आहे. पण २२ वर्षांच्या शरीराला बसेल असा सराव १३ वर्षांच्या शरीराला दिला की तीच पुंजी उलटते. केळीला लागतं तेवढं पाणी कापसाला सोडलं तर कापूस सडतो, हे तुमच्या वडिलांना सांगावं लागणार नाही.

२०० गुणिले सहा, मध्ये दीड मिनिट. या सरावाने काय होतं ते पाहू. पहिली धाव जोरात होते. दुसऱ्या-तिसऱ्या धावेपर्यंत पायात गोळे यायला लागतात, गुडघे खाली येतात, टाच आधी टेकते, हात आडवे फिरतात. उरलेल्या तीन-चार धावांत मुलगी वाकड्या ढबीने हळू पळायची सवय लावून घेते. वयात यायच्या आधी शरीराची या प्रकारची ताकद मुळातच कमी असते, म्हणून फायदा थोडा होतो आणि नडग्या-टाचांवर मार पूर्ण बसतो. शिवाय त्यात मजा काहीच नसते. त्या चौघी आळशी नव्हत्या. त्यांच्या घरी जाऊन बसा, त्यांच्या आयांशी बोला, आता वेगळं शिकवणार आहे असं सांगा. दोघी तरी परत येतील.

वेग म्हणजे ताज्या पायांनी, पूर्ण जोरात, थोडं अंतर. स्प्रिंटमधला जुना अंदाज असा की पूर्ण जोरात पळलेल्या दर १० मीटरला साधारण एक मिनिट विश्रांती. म्हणजे ३० मीटरला तीन मिनिटं, ६० मीटरला सहा. बघणाऱ्याला वाटतं पोरी नुसत्या उभ्या आहेत. वाटू द्या. या वयाला एका दिवशी पूर्ण जोराचं अंतर सगळं मिळून २०० ते ३०० मीटर पुरे, आठवड्यात दोनच दिवस, आणि त्या दोन दिवसांत किमान ४८ तासांचं अंतर.

सोमवारचा सराव असा लावून बघा. आधी १५ ते २० मिनिटं अंग गरम करणं : हळू पळणं, पाय पुढे-मागे झुलवणं, गुडघे उचलत उड्या मारत जाणं, मग ४० मीटरच्या तीन धावा, पहिली आरामात, दुसरी थोडी जोरात, तिसरी जवळजवळ पूर्ण. त्यानंतर २० मीटर चार वेळा, दर वेळी वेगळ्या स्थितीतून : पोटावर झोपून, पाठमोरं उभं राहून, एका गुडघ्यावर, तीन टेकूंवर (दोन पाय आणि एक हात). त्यानंतर ३० मीटर चार वेळा, दर धावेनंतर पूर्ण तीन मिनिटं. एकूण २०० मीटर झालं. शेवटी दहा मिनिटं रिले किंवा शिवाशिवी, आणि घरी. गुरुवारीही हेच, फक्त ३० मीटरच्या जागी २० मीटर वेग घेत येणं आणि पुढचे २० मीटर पूर्ण जोरात. मंगळवारी आणि शनिवारी उड्या, चेंडू फेकणं, लंगडी, खो-खो. खो-खो तर आवर्जून ठेवा. बसलेल्या स्थितीतून झेपावणं आणि झटकन दिशा बदलणं त्यात फुकट शिकायला मिळतं.

धावताना एका वेळी एकच गोष्ट सांगा. "हात सरळ, गुडघा वर, मान सैल, पाऊल लांब टाक" असं एका दमात सांगितलं की मुलगी गोंधळते आणि ताठ होते. त्यातलं "पाऊल लांब टाक" तर कायमचं बंद करा. पाऊल शरीराच्या पुढे लांब पडलं की तिथे ब्रेक लागतो आणि मांडीच्या मागच्या शिरेवर ताण येतो. तुमची शीर दोनदा का भरली याचं कारणही कदाचित इथेच असेल. धावतानाचा जुना व्हिडिओ असेल तर तळवा कमरेखाली पडतोय की पुढे, ते बघा.

ब्लॉक सध्या आणू नका. तीन टेकूंची सुरुवात नीट आली की वर्षभराने ब्लॉक. तेव्हा पुढचा पॅडल रेषेपासून तिच्याच पावलाने दोन पावलं मागे आणि मागचा तीन पावलं मागे, इथून सुरुवात करून मग तिच्या पायांप्रमाणे सरकवा. तुमचं माप तिला लावू नका.

आता गुडघा. मुलींची उंची साधारण ११ ते १३ या वयात सर्वांत झपाट्याने वाढते. हाडं लांब होतात, स्नायू मागे राहतात, आणि जिथे शीर हाडाला चिकटते तिथे ओढ बसते. गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडावर उंचवटा आला असेल, तिथे दाबल्यावर दुखत असेल, जिना चढताना-उड्या मारताना वाढत असेल तर बहुधा हेच. टाचेच्या मागे दुखणं हा त्याचाच दुसरा प्रकार. तेल चोळून, पट्टी बांधून पळवत राहणं चूक. उड्या आणि पूर्ण जोराच्या धावा बंद करा, दुखत नाही एवढंच करू द्या, डॉक्टरांना दाखवा. काही आठवडे, कधी काही महिने लागतात. दर तीन महिन्यांनी भिंतीला उभं करून प्रत्येकीची उंची मोजा. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त वाढली असेल तर त्या काळात तिचं काम आपणहून कमी करा, दुखायची वाट पाहू नका.

भोवळीचं मात्र आजच मनावर घ्या. ती मुलगी सकाळपासून काय खाऊन येते ते विचारा. उपाशीपोटी येत असेल तर सरावाआधी तासभर एक-दोन केळी आणि पाणी, एवढ्यानेही फरक पडतो. पण तिथेच थांबू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात तिचं हिमोग्लोबिन आणि सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), दोन्ही तपासून घ्या, आणि अहवाल येईपर्यंत तिला जोरात पळवू नका. या वयाच्या मुलीत हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली बऱ्याचदा पिशवीतच ठेवतात. ती जेवणानंतर घेतली का, हे विचारायचं काम कोचचंही आहे. रक्त कमी असताना सराव वाढवला तर वेळ सुधारत नाही, मुलगी फक्त थकते.

सिकलसेलबद्दल सविस्तर लिहावं लागतं, कारण सातपुड्याच्या पायथ्याच्या धुळे-नंदुरबार पट्ट्यात तो आहे आणि मैदानावर त्याकडे फार कमी लक्ष दिलं जातं. १ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलन मोहीम चालू आहे, सरकारी दवाखान्यात तपासणी होते. आधी साधी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर पुढच्या तपासणीत मुलगी वाहक आहे की रुग्ण ते कळतं. रुग्ण असेल तर डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याशिवाय जोराचा सराव अजिबात नाही. वाहक मुली खेळू शकतात, चांगल्या खेळू शकतात. पण त्यांना धोका कशात असतो ते नीट लक्षात घ्या : ऊन, कमी पाणी आणि कमी विश्रांतीच्या लागोपाठ लांब धावा. तुमचा २०० गुणिले सहा नेमका तसाच आहे. अशी मुलगी कोसळते तेव्हा ती बहुधा शुद्धीत असते, बोलते. मांड्या-कंबर दुखते, पायातलं बळ गेलं म्हणते, श्वास जोरात चालतो. बघणाऱ्याला नाटक वाटतं. त्या क्षणी "अजून एक मार" म्हणणं जीवावर बेतू शकतं. धाव थांबवा, सावलीत न्या, अंग ओलं करा, पाणी द्या, आणि लगेच बरं वाटलं नाही तर १०८ ला फोन करून दवाखाना गाठा. कुणाचा अहवाल काय आला हे बाकीच्या पोरींसमोर बोलू नका. वाहक असल्याचं गावभर झालं की पुढे तिच्या लग्नात ते काढलं जातं, हे तुम्हाला माहीत आहे.

याच कारणाने संध्याकाळची वेळ बदला. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, आणि संध्याकाळी साडेपाचलाही मातीतून वाफ येत असते. त्या दोन महिन्यांत सकाळी सहा ते साडेसात, नाहीतर सुट्टी. महिनाभर कमी पळाल्याने कुणाचं करिअर बुडत नाही.

मैदान काळ्या मातीचं असेल तर पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा. भेगेत पाय मुरगळतो. डांबरी रस्त्यावर स्प्रिंट काढू नका, नडग्या धरतात. ग्रामपंचायतीला अख्खा ट्रॅक मागाल तर काहीच मिळणार नाही. मुरमाची एक पट्टी मागा : ६० मीटर धावायला, २५ मीटर थांबायला, रुंदी अडीच मीटर म्हणजे १.२२ मीटरच्या दोन लेन. दाबून चार इंच थर हवा असेल तर नऊ-साडेनऊ ब्रास मुरूम लागतो. अंथरताना मोठे दगड वेचून काढा, पाणी मारून रोलर फिरवा, आणि आडव्या दिशेला दर मीटरला एक सेंटिमीटर उतार ठेवा, म्हणजे पाणी साचत नाही. सगळ्यात मोठी चूक होते ती थांबायच्या जागेत. ६० मीटरच्या रेषेपुढे दहा मीटरवर भिंत किंवा तार असली की मुली ४५ मीटरलाच वेग सोडतात, आणि तीच सवय स्पर्धेत दिसते.

मैदान ८८ बाय ४८ मीटर भरत असेल तर २०० मीटरचा चार लेनचा ट्रॅकही आखता येतो. दोन सरळ भाग ४० मीटरचे, वळणाची आतली त्रिज्या १८.९० मीटर. अंतर आतल्या रेषेपासून २० सेंटिमीटर बाहेर मोजतात, हे धरूनच हा आकडा आहे. म्हणून दोरीने १८.९० वर फक्की टाकली की पहिली लेन बरोबर २०० भरते. पण एवढ्या आखूड वळणावर पूर्ण जोरात पळवू नका, आतल्या पायाच्या घोट्यावर भार येतो. आखायला फक्कीच वापरा. कळीचा चुना डोळ्यात गेला तर इजा होते.

सामान थोडंच लागतं : ३० मीटरचा फायबर टेप, १६ मार्कर, दोन स्टॉपवॉच, चार बॅटन, दोन किलोचा एक मेडिसिन बॉल, प्रथमोपचाराची पेटी. स्पाईक्सची घाई नको. पुढे घेतले तर मातीवर ९ मिलिमीटरच्या पिना, सिंथेटिकवर ६ च्या.

आणि एक जाड वही. तारीख, हजेरी, दुखणं, पाळीचे दिवस (जी स्वतःहून सांगेल तिचेच), ३० मीटरची वेळ, जागेवरून लांब उडी, उंची. हाताने घेतलेली वेळ इलेक्ट्रॉनिकपेक्षा कमी येते. १०० आणि २०० मीटरला तुलनेसाठी त्यात ०.२४ सेकंद मिळवतात, आणि हाताची वेळ नेहमी वरच्या दशांशात लिहितात, म्हणजे १३.४२ दिसलं तर १३.५. शिट्टीच्या आवाजावर घड्याळ चालू केलं तर वेळ आणखी फसवी येते. सुरुवात करणाऱ्याने हात झटकन खाली आणावा आणि तुम्ही तो पाहून बटण दाबावं. सरावात मुलीची वेळ त्या दिवसाच्या चांगल्या वेळेपेक्षा सलग दोनदा ०.२ सेकंदांनी मागे पडली की तिचं काम तिथेच संपलं, यादीत अजून दोन धावा शिल्लक असल्या तरी. दोन सीझन भरलेली अशी वही तुमच्या कुठल्याही प्रमाणपत्राइतकी बोलेल.

आता ॲकॅडमी. तिला नाकं मुरडू नका. पोलीस भरतीत शारीरिक चाचणीच्या ५० गुणांत मुलींना ८०० मीटरला २०, १०० मीटरला १५ आणि चार किलोच्या गोळ्याला १५ असतात. बहुतेक ठिकाणी सगळा जोर ८०० वर असतो आणि १०० मीटर म्हणजे "जोरात पळा" एवढंच. तिथे तुमच्यासारख्या स्प्रिंटरची खरी किंमत आहे. उभ्या सुरुवातीत पहिली चार पावलं कशी टाकायची आणि रेषेच्या पलीकडे कसं पळायचं, एवढं शिकवलं तरी पोरींचे गुण वाढतात. पन्नास-साठ जणांचा जमाव सांभाळणंही शिकाल. धोका असा की तिथे सगळ्यांना एकच वेळापत्रक असतं आणि तीन महिन्यांत निकाल हवा असतो. ती सवय घेऊन गावच्या १३ वर्षांच्या मुलींकडे आलात तर परत पहिले पाढे. म्हणून घ्यायचीच तर एक वर्षासाठी, फक्त सकाळची बॅच, वेळ आणि पगाराची तारीख कागदावर, मुलींसाठी स्वच्छतागृह आहे हे डोळ्यांनी पाहून. "हमखास निवड" लिहिलेल्या बॅनरवर स्वतःचा फोटो लावू देऊ नका. निवड न झालेल्या पोरी तुमच्याच दारात येतील. उन्हाळ्याचे दोन महिने तुमचा गावातला सरावही सकाळीच असेल, तेव्हा ही वेळ कशी जमवायची ते होकार देण्याआधीच बोलून घ्या.

शिक्षणाचं. ही सगळी प्रमाणपत्रं एकाच कामाची नाहीत, आणि गोंधळ तिथेच होतो. शाळेत क्रीडाशिक्षकाची नोकरी हवी असेल तर बी.पी.एड. दोन वर्षांचं आहे, प्रवेशाला सीईटी असते आणि तिच्यात मैदानी चाचणी असते, ती तुम्हाला जड नाही. पुढे एम.पी.एड. आणि नेट किंवा सेट केलं तर महाविद्यालयात क्रीडा संचालकाचा रस्ता खुला होतो. जागा कमी निघतात, हे मान्य करूनच उतरा. पतियाळ्याची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून कोच घडवते. तिचा डिप्लोमा वर्षभराचा, निवासी, आणि सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र कोर्सही आहे. प्रवेशाला शिक्षणाबरोबर खेळातली कामगिरी पाहतात, तेव्हा तुमचा आंतरविद्यापीठ सहभाग पुरतो का ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात वाचा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. तिसरा रस्ता ॲथलेटिक्स महासंघाच्या प्री-लेव्हल वन आणि पुढच्या लेव्हल वन कोर्सचा. थोड्या दिवसांचा, पण लहान मुलांना कसं शिकवायचं हे त्यातच शिकवतात.

तुम्हाला आज कशाची उणीव आहे ते पाहिलं तर क्रम असा लागतो : आधी प्री-लेव्हल वन, कारण चुकतंय तिथेच. सोबत बी.पी.एड.ची सीईटी द्या, प्रवेश मिळाला तर ॲकॅडमी सोडा. पतियाळ्याचा डिप्लोमा दोन सीझन शिकवून झाल्यावर. मैदानावर अडलेले प्रश्न घेऊन जाल तर तिथल्या वर्षाचा उपयोग दुप्पट होईल. आजच गेलात तर नोट्स चांगल्या लिहाल, एवढंच.

स्वतःच्या सीझनबद्दल. आंतरविद्यापीठ स्पर्धेला वयाची २५ ची मर्यादा आहे, म्हणून हे आता नाहीतर कधीच नाही. धावावंसं वाटत असेल तर धावा. वडिलांना दाखवायला किंवा आणखी एका प्रमाणपत्रासाठी असेल तर नको. आधी शिरेची परीक्षा घ्या : तीन-चार आठवडे ६० मीटरच्या धावा ६० टक्क्यांपासून ७०, ८०, ९० पर्यंत चढवत न्या आणि सोबत मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून दोनदा करा. ९० टक्क्यांवर दुसऱ्या दिवशीही ओढ लागली नाही तर पुढे जा, लागली तर धावणं तिथेच थांबवा आणि मनाशी हिशेब मिटवा. मात्र मुलींच्या सरावात स्वतःचा सराव उरकू नका. तुम्ही त्यांच्यासोबत पळत असाल तर त्यांच्याकडे बघतंय कोण?

मुलींना शिकवताय म्हणून काही नियम पहिल्या दिवसापासून पाळा. पालकांची लेखी संमती आणि फोन नंबर. मैदानावर कायम दुसरी एक मोठी व्यक्ती, एखाद्या मुलीची आई असली तरी चालेल. हात धरून सुधारण्याआधी विचारणं. एकट्या मुलीला गाडीवर सोडायला जाणं नाही, तुम्ही स्त्री असलात तरी. आणि एखादीने कुणाबद्दल काही सांगितलं तर ते दाबू नका. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असून पोलिसांना न कळवणं हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. वयाचे दाखले खोटे करून पोरींना खालच्या गटात उतरवायची गळही लोक घालतील. पहिल्याच वेळी नाही म्हणालात तर दुसऱ्यांदा कुणी विचारणार नाही.

वडिलांशी वाद घालू नका. ते पैशाबद्दल विचारताहेत, आणि शेतीच्या भरवशावर घर चालवणाऱ्या माणसाने तसं विचारणं रास्त आहे. त्यांना कागदावर एक वर्ष लिहून दाखवा : ॲकॅडमीचे महिना १२,०००, त्यातून जायचा-यायचा खर्च किती, घरी किती देणार, सीईटी कधी, आणि वर्षाअखेर काय जमलं नाही तर काय करणार. गावातली बॅच मोफतच ठेवा, पण तिचा खर्च ॲकॅडमीच्या पगारातून किती होणार याचा आकडा ठरवा आणि त्याच्या पलीकडे जाऊ नका. मोफत काम करणारे बरेच जण दुसऱ्या वर्षी दमतात ते याच कारणाने.

शेवटचं काम कागदांचं, ते याच महिन्यात करा. खेळाडूंसाठी सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे. कोणत्या पदाला कोणती कामगिरी लागते ते १ जुलै २०१६ च्या शासन निर्णयात आणि त्यानंतरच्या सुधारणांत वाचून घ्या. नुसता सहभाग सगळीकडे चालत नाही. प्रमाणपत्रांची पडताळणी आपल्या धुळे, नंदुरबार आणि जळगाव या तिन्ही जिल्ह्यांसाठी नाशिकच्या विभागीय उपसंचालक, क्रीडा व युवक सेवा यांच्या कार्यालयातून होते आणि तिला वेळ लागतो, जाहिरात निघाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. विद्यापीठाच्या क्रीडा विभागातून निवडीचं पत्र आणि स्पर्धेचा निकाल यांच्या प्रती शिक्क्यासह आताच मागून घ्या, तुमच्या वेळचे लोक तिथे आहेत तोवर. आणि मूळ प्रमाणपत्रं लॅमिनेट केली नसतील तर करू नका. पडताळणीत शाई आणि शिक्का हाताने तपासतात.